साबणाने लाल झालेली बाराबंदी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, आमच्या लाँड्रीत सगळ्यात जपून हाताळावा लागणारा कपडा म्हणजे बाराबंदी, बंदांनी बांधायचा अंगरखा. पांढरंशुभ्र सुती कापड, आणि पहिल्याच दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक. सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचाच तो सोहळा, त्यामुळे तेलहळदीचे डाग आलेच.

एका वर्षी अक्षता सोहळ्याच्या सकाळी एक वहिनी धापा टाकत आल्या. पिशवीतून बाराबंदी काढली आणि काउंटरवर पसरली. छातीवर, बाहीवर लालभडक डाग. "रात्री पिवळं होतं ओ काका. साबण लावला आणि रक्तासारखं झालं. सासऱ्यांची आहे. उद्या होमाला यांना हीच घालायचीय." बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता.

मी आधी लिंबू मागवलं. एका डागावर चार थेंब पिळले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लाल डाग पुन्हा पिवळा झाला. हळदीचा रंग क्षारात लाल होतो, आंबटात परत पिवळा. अंगाचा असो की कपड्याचा, वडीचा साबण बहुतेक क्षारयुक्तच. म्हणजे कापड खराब झालेलं नव्हतं, डागही नवा नव्हता. एवढं कळल्यावर वहिनी स्टुलावर बसल्या आणि पाणी प्यायल्या.

पोऱ्या म्हणाला, ब्लीचिंगमध्ये टाकू. मी साफ नाही म्हटलं. कापड जुनं, बंद तर विरत आलेले. शिवाय एका बंदाजवळ ट्रंकेच्या गंजाचा तपकिरी ठिपका होता. गंजावर क्लोरीनचं ब्लीच पडलं की तो डाग आणखी पक्का होतो. ही चूक लोक फार करतात आणि मग मात्र आमच्याही हातात काही उरत नाही.

हळद तेलात मुरलेली असते, म्हणून आधी तेल काढायचं. लिंबू धुऊन टाकलं, भांडी घासायचं लिक्विड डागावर बोटाने हळूहळू चोळलं, थोडा वेळ ठेवून कोमट पाण्यात खळबळलं. चिकटपणा गेला, पिवळा रंग राहिला. कपडा सुकल्यावर डागाखाली जुना टर्किश टॉवेल घातला (सोलापुरात त्याला काय तोटा!) आणि उलट्या बाजूने स्पिरिटच्या बोळ्याने टिपत गेलो. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. हळद पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटमध्ये मात्र सुटते. प्रत्येक टिपण्याबरोबर टॉवेलवर पिवळा ठसा उमटत होता. तो उमटला की टॉवेलची जागा बदलायची. इस्त्री तोवर बंद ठेवली होती. स्पिरिट पेट घेतं म्हणून, आणि उष्णतेने उरलासुरला डाग कापडात बसतो म्हणूनही.

गंजाच्या ठिपक्यावर लिंबू-मीठ लावून ठेवलं आणि नंतर स्वच्छ धुतलं. मग ओली बाराबंदी गच्चीवर, थेट उन्हात. रंगीत कपडा मी असा कधीच टाकणार नाही, पण हळदीला उन्हासारखं औषध नाही. पोऱ्या अधूनमधून पाणी शिंपडत होता. तिकडे सगळा गाव अक्षता सोहळ्यासाठी संमती कट्ट्याकडे लोटला होता, मी मात्र दर थोड्या वेळाने जिना चढून बाहीच बघत होतो. दुपारी उरलेली पिवळी झाक संध्याकाळपर्यंत जवळजवळ गेली. काखेच्या शिवणीत किंचित राहिली. तिथे आणखी टिपलं असतं तर धागाच सुटला असता.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी ती शिवण उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढं चालतंय ओ काका." त्यांचे यजमान दुकानातच बाराबंदी चढवून होमाला गेले.

तेव्हापासून यात्रेच्या आधी काउंटरवर पाटी लावतो : हळद-तेलाचा डाग असेल तर धुऊ नका, इस्त्री करू नका, तसाच आणा. आता बरेच जण तसंच आणतात आणि लिंबाचं काम वाचतं.