विकत न घेता कायदा कोठे वाचावा

एका विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी अनेक वर्षे काम करते आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपासून शेतीच्या वादात अडकलेल्या वृद्धांपर्यंत सर्वजण मला एकच प्रश्न विचारतात : वर्गणीचे महागडे डेटाबेस न घेता कायद्याची कलमे आणि न्यायालयांचे निवाडे खात्रीने कोठे वाचता येतील? खिडकीपाशी उभ्याउभ्या दिलेले उत्तर नेहमीच अपुरे राहते, म्हणून आज ते सविस्तर लिहिते. विद्यापीठांच्या विधी संशोधन केंद्रांनी खुल्या केलेल्या साधनांपासून सुरुवात करावी, आणि मजकुराबरोबर तो वाचण्याची रीतही त्यांच्याकडूनच शिकावी, असे माझे मत आहे.

या कामाचा आरंभ अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या विधी विद्यालयात झाला. पीटर मार्टिन आणि टॉम ब्रूस या दोघांनी १९९२ मध्ये तेथे लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट स्थापन केली. अमेरिकेचे कायदे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता यावेत, हा त्यांचा हेतू होता. मात्र वकील मंडळी विंडोजचे संगणक वापरत आणि विंडोजवर चालणारा ब्राउझरच त्या वेळी उपलब्ध नव्हता. तेव्हा ब्रूस यांनी स्वतः 'चेलो' नावाचा ब्राउझर लिहिला आणि १९९३ मध्ये तो खुला केला. ग्रंथालयात काम करणाऱ्या व्यक्तीला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण पुस्तक कपाटात आणून ठेवले म्हणजे आपले काम संपले असे न मानता, वाचकाचा हात त्या कपाटापर्यंत पोहोचेल याचीही तजवीज त्यांनी केली.

सिडनीच्या दोन विद्यापीठांच्या विधी विद्याशाखांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या 'ऑस्टली' या केंद्राने याच्या पुढचे पाऊल टाकले. तेथे एखादे कलम किंवा निवाडा उघडला की 'नोटअप' या सोयीने, त्याचा उल्लेख ज्या ज्या निवाड्यांत आणि लेखांत आला आहे त्यांची यादी समोर येते. निवाड्याला नंतरचे आयुष्य असते. तो अनुसरला जातो, मर्यादित केला जातो, कधी चुकीचा म्हणून बाजूला सारला जातो, आणि हे सारे मूळ पानावर कोठेही लिहिलेले नसते. याच धर्तीच्या केंद्रांनी २००२ मध्ये माँट्रियल येथे एक जाहीरनामा केला आणि कायद्याची सार्वजनिक माहिती हा मानवजातीचा सामाईक वारसा असल्याचे त्यात नमूद केले. भारतासाठीचे 'लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ २०११ मध्ये ऑस्टलीच्या तांत्रिक आधाराने आणि आपल्याकडील विधी विद्यापीठांच्या सहभागाने सुरू झाले.

निवाड्याचे नंतरचे उल्लेख तपासण्याची ही रीत का महत्त्वाची, ते एका प्रसंगावरून सांगते. काही वर्षांपूर्वी एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचा उतारा आणि इंटरनेटवरून छापून घेतलेली दोन पाने घेऊन आल्या. त्यांचे लग्न १९८८ मध्ये झाले होते आणि वडील २००१ मध्ये वारले होते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, परंतु त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद काढून टाकला. त्यांच्याजवळच्या पानांवर मात्र 'प्रकाश विरुद्ध फुलवती' या २०१५ च्या निवाड्याचा सारांश होता, आणि ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसतील तर मुलीला हा हक्क नाही, असा त्याचा अर्थ होता. भावाने तीच पाने त्यांच्या हाती दिली होती.

सारांश खरा होता, निवाडाही सर्वोच्च न्यायालयाचाच होता. मी त्या निवाड्याचे नाव घालून त्याचा उल्लेख करणारे नंतरचे निवाडे शोधले, तेव्हा 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' हा ११ ऑगस्ट २०२० चा तीन न्यायमूर्तींचा निवाडा समोर आला. मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यामुळे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सांगून न्यायालयाने फुलवती प्रकरणातील मत मोडीत काढले होते. बाईंनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावले. त्यांच्या हाती असलेली पाने पाच वर्षे शिळी होती, आणि ती तशी आहेत हे त्या पानांकडे पाहून कोणालाही कळले नसते.

निवाडे असे खुले करता येतात, याला आपल्या कायद्यातच आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, न्यायालयाने मनाई केली नसेल तर निवाडा पुन्हा छापल्याने कोणाच्या हक्काचा भंग होत नाही. 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या प्रकरणातही, निवाड्याचा मूळ मजकूर सर्वांचा आणि संपादकाने स्वतःच्या कौशल्याने घातलेली भर तेवढी त्याची, अशी विभागणी सर्वोच्च न्यायालयाने केली. खुल्या संकेतस्थळांवर बहुधा हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीला संपादकाने दिलेला सारांश, मिळत नाही, त्याचे कारण यात आहे. विद्यार्थी त्याबद्दल कुरकुर करतात. मला ते इष्टच वाटते, कारण त्यामुळे मूळ परिच्छेद वाचावे लागतात.

निवाड्यांखेरीज इतरही बरेच काही तेथे आहे. करार कायद्याच्या आमच्या विद्यार्थ्यांना कलम ७३ मधील नुकसानभरपाईचे तत्त्व पाठ असते. ते ज्या 'हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेल' या १८५४ च्या इंग्लंडमधील निवाड्यावर उभे आहे तो मात्र सहसा कोणी वाचलेला नसतो. ऑस्टलीच्याच चमूने उभारलेल्या राष्ट्रकुल देशांच्या संग्रहात १२२० ते १८७३ या काळातील इंग्लिश निवाडे आहेत, आणि ग्लॉस्टरच्या गिरणीचा मोडलेला दांडा पोचवायला उशीर झाल्याची ती हकिकत तेथे मुळातून वाचता येते. विद्यापीठांची केंद्रे स्वतःही संशोधन करतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या शिक्षेवर जो अहवाल दिला, त्यासाठी ती शिक्षा झालेल्या ३८५ पैकी ३७३ कैद्यांच्या बाबतीत मुलाखतींचे काम झाले. असे काम खाजगी प्रकाशक हाती घेण्याची शक्यता फार थोडी आहे.

आता दोन सावधगिरीच्या सूचना. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे कलम आता १०३ झाले. जुनी पाने मात्र जागच्या जागीच आहेत, त्यामुळे प्रत्येक पानाची तारीख आधी पाहावी. आणि न्यायालयात दाखल करायचा मजकूर सर्वोच्च न्यायालयाच्या 'ई-एससीआर'सारख्या अधिकृत संग्रहाशी ताडून घ्यावा. तेथे काही निवाड्यांचे मराठी अनुवादही मिळतात, परंतु अनुवादावर विसंबून युक्तिवाद करू नये. मराठीत या विषयाची साधने अजून फारच थोडी आहेत, आणि ज्यांच्यावर कायदा चालतो त्यांच्या भाषेत तो नसावा, याचे मला मनापासून दुःख होते.

त्या बाईंना मी आणखी एक परिच्छेद दाखवला होता : २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना या हक्काने धक्का लागत नाही. त्यांच्या घरी तशी वाटणी झाली होती की नाही, हे कागद पाहून वकिलानेच सांगायचे होते, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळत असल्याने मी त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता सांगितला. निवाड्याचे नाव आणि तारीख त्यांनी सातबाऱ्याच्या पाठीमागे स्वतःच्या हाताने लिहून घेतली आणि भावाने दिलेली पानेही सोबत नेली.