तुम्ही विचारलंत म्हणून: विलासरावांना लातूरनं पाडलं कसं?

‘तुम्ही लातूरच्या ना? मग विलासरावांना पाडलंत कसं?’ पुण्यात भाचीच्या सासरी, नांदेडला लग्नाच्या पंगतीत, रेल्वेत समोरच्या बाकावर बसलेल्या अनोळखी बाईंकडून, सगळीकडे मला हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा आरोप असतोच. एवढा मोठा माणूस, दोनदा मुख्यमंत्री झालेला, आणि त्याच्याच लोकांनी 1995 मध्ये त्याला घरी बसवलं. म्हणजे लातूरकर कृतघ्न, असं त्यांना म्हणायचं असतं. मी लातूरला शाळेत बरीच वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि 1995 ला रांगेत उभं राहून शिक्काही मारला. म्हणून एकदा नीट उत्तर देते.

पहिली गोष्ट, आम्ही मुख्यमंत्र्याला पाडलं नाही. 1995 ला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झालेले नव्हते, ते चार वर्षांनी झाले. आज मागे वळून बघणाऱ्याला त्यांचं सगळं आयुष्य एकदम दिसतं, म्हणून तो पराभव अघटित वाटतो. तेव्हाच्या लातूरकरांपुढे होता तो पंधरा वर्षांचा आमदार आणि त्यातली बहुतेक वर्षं मंत्री राहिलेला माणूस. त्याच्या कामाचा हिशेब मागायचा हक्क आम्हाला होता आणि आम्ही तो मागितला.

विलासरावांची चढण एकेक पायरीची होती. 26 मे 1945 ला बाभळगावात जन्म, देशमुखांच्या गढीतलं घर, पुण्याला शिक्षण, कायद्याची पदवी. वकिली करत पुण्यात राहता आलं असतं, पण ते गावी आले आणि 1974 मध्ये बाभळगावचे सरपंच झाले. मग उस्मानाबाद जिल्ह्याच्या युवक काँग्रेसचं काम, जिल्हा परिषद, लातूर पंचायत समितीचं उपसभापतिपद. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, वेगळा जिल्हा ऑगस्ट 1982 मध्ये झाला. लातूरची विधानसभेची जागा त्याआधी शिवराज पाटील चाकूरकरांकडे होती. ते 1980 ला लोकसभेत गेले आणि त्याच वर्षी विलासराव पहिल्यांदा आमदार झाले. 1985 आणि 1990 ला पुन्हा निवडून आले. सरपंचकी करून आलेल्या माणसाला गावात कोणाच्या बांधावरून भांडण आहे आणि कोणत्या वस्तीत बोअर आटलंय हे ठाऊक असतं. त्यांचं भाषण लोकांना का भिडायचं, याचं कारण मला तिथेच दिसतं. नुसत्या आवाजावर आणि विनोदावर माणसं इतकी वर्षं ऐकत नाहीत.

आता 1995. त्या निवडणुकीत राज्यात सुमारे 72 टक्के मतदान झालं. विधानसभेला त्यानंतर एवढं मतदान महाराष्ट्रानं पाहिलेलं नाही. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या कडक आचारसंहितेमुळे भिंती कोऱ्या होत्या आणि भोंगे वेळेत बंद होत होते. लोक मात्र आतून पेटलेले होते. मुंबईच्या दंगली आणि बॉम्बस्फोट होऊन दोन वर्षं झाली होती, भ्रष्टाचाराच्या आरोपांची राळ उडालेली होती. काँग्रेसच्या बंडखोरांनी ठिकठिकाणी अर्ज भरले होते आणि शेवटी 45 अपक्ष निवडून आले. काँग्रेस 80 वर घसरली. शिवसेना 73, भाजप 65, आणि मार्चमध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याला याशिवाय स्वतःची दोन ओझी होती. 30 सप्टेंबर 1993 ची ती भूकंपाची पहाट, किल्लारी, सास्तूर, आणि एका रात्रीत ढिगाऱ्याखाली गेलेली हजारो माणसं. नंतर जानेवारी 1994 मध्ये मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. तो व्हायलाच हवा होता, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण त्यावरून गावागावांत जे ताणलं गेलं होतं ते एका निर्णयानं सैल झालं नाही, आणि त्याचा राग मतपेटीत उतरला.

तरीही हे सगळं सांगून उत्तर पूर्ण होत नाही. ‘युतीची लाट होती हो,’ असं म्हणून आमचेच लोक विषय संपवतात, तेव्हा मी त्यांना थांबवते. लातूरला विलासरावांना पाडलं ते युतीच्या उमेदवारानं नाही. पाडलं जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी, आणि तेही सुमारे 35 हजार मतांनी. राज्यभर धनुष्यबाण आणि कमळ चालत असताना लातूरनं चक्रावर शिक्का मारला. लाटेत वाहून गेलेला मतदार असं करत नाही. ज्यांना बदल हवा होता त्यांनी पक्ष बाजूला ठेवून आपल्या ओळखीचा, निवडून येऊ शकेल असा एक माणूस शोधला आणि मतं त्याच्यामागे गोळा केली. गोलाईतला, म्हणजे शहरातल्या मुख्य बाजारपेठेतला आडत्या, गावभागातला मुसलमान कारागीर, लिंगायत व्यापारी, वाड्यावस्त्यांवरचा शेतकरी, या सगळ्यांची कारणं एक असणं शक्यच नव्हतं. आमच्या एका घरातसुद्धा ती एक नव्हती. वडील काँग्रेसचे, धाकटा दीर जनता दलाच्या प्रचारात, आणि जेवायला सगळे एका ताटाला ताट लावून बसायचे.

माझं मत विचाराल तर, पंधरा वर्षं सत्तेत राहिलेल्या कोणत्याही नेत्याभोवती माणसांचं एक कडं तयार होतं. नेत्यापर्यंत जायचं तर त्या कड्यातून जावं लागतं. लोकांना नेता नकोसा होतो त्याच्या कितीतरी आधी ते कडं नकोसं झालेलं असतं, आणि मतपत्रिकेवर कड्याचं नाव नसतं. त्यामुळे शिक्का नेत्याच्या विरोधात पडतो. 1995 ला महाराष्ट्रात अनेक मतदारसंघांत हेच झालं असावं, आणि लातूरही त्याला अपवाद नव्हतं.

पुढच्या वर्षी जे झालं त्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायची, कारण त्यात नागरिकशास्त्राचा एक आख्खा धडा आहे. 1996 ला विलासराव विधान परिषदेला उभे राहिले, आणि तेही काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारांविरुद्ध, अपक्ष म्हणून, शिवसेनेच्या पाठिंब्यावर. हरले. किती मतांनी? अर्ध्या. मुलं हसायची. अर्धं मत असतं का कुठे? असतं. आमदारांनी निवडून द्यायच्या या जागांना पसंतिक्रमानं मतदान होतं, म्हणजे उमेदवारांच्या नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य शंभर धरतात. निवडून यायला ठरावीक कोटा लागतो. कोणाला कोट्याहून जास्त मतं मिळाली, तर ती जास्तीची मतं दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, पण पूर्ण मूल्यानं नाही, वाटणीला येईल तेवढ्या हिश्शानं. म्हणून शेवटच्या जागेवर चुरस झाली की मताच्या तुकड्यावर निकाल लागू शकतो.

त्या अर्ध्या मतावर मी खूप विचार केलाय. ते मिळालं असतं तर विलासराव शिवसेनेच्या मदतीनं आमदार झाले असते. मग 1999 ला काँग्रेसनं त्यांना मुख्यमंत्री केलं असतं का? मला तसं वाटत नाही. लागोपाठच्या दोन पराभवांनी त्यांचे बाकीचे सगळे रस्ते बंद केले आणि एकच उघडा ठेवला, तो बाभळगावकडे परत जाणारा. पद नाही, लाल दिवा नाही. माणसं भेटायला येतात ती खरंच भेटायलाच येतात. मांजरा साखर कारखान्याचं काम तेवढं हातात होतं. ज्या भागात उसाला पाणी आणि कारखान्याला भांडवल या दोन्हीची मारामार, तिथे सहकारी कारखाना वेळेवर शेतकऱ्याचे पैसे देतो म्हणून नाव कमावतो, हे साधं काम नाही. 1999 च्या विजयाची मुळं मला मुंबईतल्या राजकारणापेक्षा या गाळप हंगामांत जास्त दिसतात.

जून 1999 मध्ये काँग्रेस फुटली. शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली. म्हणजे 1995 च्या मानानं पक्ष आणखी दुबळा झालेला. सप्टेंबरात मतदान झालं आणि ज्या लातूरनं त्यांना 35 हजारांनी हरवलं होतं त्याच लातूरनं जवळपास 91 हजारांच्या लीडनं निवडून दिलं. तो त्या निवडणुकीतल्या राज्यातल्या सर्वांत मोठ्या विजयांपैकी एक होता. साडेचार वर्षांत एवढं मत फिरलं. काँग्रेस 75 आणि राष्ट्रवादी 58 अशी मोट बांधली गेली आणि 18 ऑक्टोबर 1999 ला विलासरावांनी शपथ घेतली. शंकरराव चव्हाण आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्यानंतर मराठवाड्याचा हा तिसरा मुख्यमंत्री. त्या रात्री गोलाईत पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढचं तुम्हाला माहीत असतं, म्हणून भराभर सांगते. आघाडीचं सरकार चालवणं कसरतीचं होतं. जून 2002 मध्ये सरकार वाचवायला आमदार राज्याबाहेर नेऊन ठेवावे लागले. जानेवारी 2003 मध्ये त्यांच्या जागी सुशीलकुमार शिंदे आले. 2004 ला लातूरनं पुन्हा निवडून दिलं आणि 1 नोव्हेंबर 2004 ला ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर 2008 मध्ये, पद सोडावं लागलं. हल्ल्यानंतर ताज हॉटेलच्या पाहणीला जाताना चित्रपट दिग्दर्शकाला सोबत नेणं लोकांना अजिबात रुचलं नाही, आणि ते रुचू नये असंच होतं. सावकाराच्या एका प्रकरणातल्या हस्तक्षेपावरून 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला 10 लाखांचा दंड केला, तेही मी विसरत नाही. माझं त्यांच्यावर प्रेम आहे आणि म्हणूनच या गोष्टी मी लपवत नाही.

त्याच हल्ल्यानंतर, काही दिवसांच्या अंतरानं, दिल्लीत गृहमंत्रिपद सोडलं ते चाकूरकरांनी. एकाच शहरानं आमदार केलेले दोघं, एक राज्याचा मुख्यमंत्री आणि एक देशाचा गृहमंत्री, एकाच आठवड्याच्या आगेमागे पायउतार झाले. आणि चाकूरकर गृहमंत्री झाले होते तेव्हाही लातूरनं त्यांना नुकतंच हरवलेलं होतं. 1980 पासून सलग सात वेळा लोकसभेवर गेलेला हा माणूस 2004 ला भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांकडून हरला. त्याच वर्षी निलंग्यात माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना त्यांच्या नातवानं, संभाजीरावांनी, हरवलं. पाच वर्षांनी आजोबांनी जागा परत मिळवली. शेजारच्या रेणापूर मतदारसंघात गोपीनाथ मुंडे 1980 ला जिंकले, 1985 ला हरले, 1990 ला परत आले आणि 1995 ला, त्यांचे मित्र विलासराव घरी बसले तेव्हा, उपमुख्यमंत्री झाले. या दोघांची मैत्री पक्षांच्या पलीकडची होती हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दोघांनीही आपल्या माणसांकडून हार पचवलेली होती, याकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही.

आमच्या भागाबद्दल बाहेर एक समज आहे. इथे घराणी आहेत, गढ्या आहेत, लोक ‘साहेब’ म्हणतात आणि सांगतील तिथे मत देतात. साहेब आम्ही म्हणतो, हे खरं. 14 ऑगस्ट 2012 ला चेन्नईहून विलासराव गेल्याची बातमी आली तेव्हा बाभळगावच्या रस्त्यावर जी गर्दी लोटली तिला कोणी बोलावलेलं नव्हतं. तीच माणसं पाडतातही. त्यांच्या परिचयात लिहितात, 1980, 1985, 1990, 1999, 2004. मधलं 1995 गाळतात. मला ते गाळणं अपमानाचं वाटतं, त्यांचाही आणि आमचाही. आम्ही हरवलं आणि त्यांनी त्याचा राग आमच्यावर काढला नाही. परत दारात आले, मतं मागितली, आम्ही दिली. त्यांच्या राजकीय आयुष्यातला मला सगळ्यांत जास्त आदर वाटणारा भाग तोच आहे, मुख्यमंत्रिपदाची सात वर्षं त्यानंतर.

2008 च्या पुनर्रचनेत जुना लातूर मतदारसंघ मोडला आणि शहर आणि ग्रामीण असे दोन झाले. शहरात अमित देशमुख 2009 पासून निवडून येत आहेत. ग्रामीणला 2019 मध्ये धीरज देशमुख एक लाख 35 हजार मतं घेऊन जिंकले, आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं? नोटा, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’. 27,500 मतं. आपल्याला पसंत असा विरोधी उमेदवार दिला नाही, म्हणून साडेसत्तावीस हजार माणसं केंद्रावर जाऊन शेवटचं बटण दाबून आली. 2024 ला त्याच ग्रामीण मतदारसंघात भाजपचे रमेश कराड जिंकले आणि धीरज हरले. शहरात अमित यांचं लीड सात हजारांच्या आसपास आलं, समोर चाकूरकरांच्या सूनबाई होत्या.

त्यामुळे अलीकडे प्रश्नात थोडा बदल झालाय. ‘विलासरावांच्या मुलाला पाडलंत कसं?’ असं विचारतात. मी सांगते, धीरज तरुण आहेत, मतदारसंघ तिथेच आहे आणि पुढची निवडणूक 2029 ला आहे.