दोन केबीत दुधाचा रतीब

आमच्याकडे दुधाचा हिशोब परवापरवापर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालायचा. तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा, खाडा असेल तर फुली. महिना संपला की सासूबाई चष्मा लावून बेरीज करणार, दूधवाला त्याच्या डायरीतून करणार, आणि दोघांच्या बेरजेत लिटर-अर्ध्या लिटरचा फरक हमखास निघणार. मला ई-पेपरवर, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनवर, काहीतरी करून बघायचंच होतं. दिवसातून दोनदाच बदलणारं, बाकी वेळ गप्प राहणारं, लाइट गेली तरी दिसणारं काम याहून चांगलं कुठे मिळणार?

ई-पेपरची मूळ गंमत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आत केसाएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे विद्युतभारित कण. व्होल्टेज दिलं की कोणते वर यायचे ते ठरतं, आणि एकदा वर आले की वीज काढून घेतली तरी तिथेच बसतात. चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही, फक्त बदलायला लागते. मागून प्रकाश नाही, त्यामुळे खिडकीतून ऊन आलं की मोबाइलचा स्क्रीन जिथे मान टाकतो तिथे हा उलट जास्त स्वच्छ दिसतो. नागपुरात हा मुद्दा फार मोठा आहे, हे मी सांगायला नको.

पॅनल मागवलं ते ४.२ इंची, काळं-पांढरं, ४०० बाय ३०० ठिपक्यांचं. आत एसएसडी१६८३ नावाचा कंट्रोलर, म्हणजे पॅनल चालवणारी चिप. डोकं म्हणून घरात पडलेला आर्डुइनो प्रो मिनी हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, ३.३ व्होल्टचा, ८ मेगाहर्ट्झवाला. ३.३ चाच घ्या, कारण पॅनलचं लॉजिक ३.३ चं असतं आणि ५ व्होल्टच्या बोर्डाला मध्ये व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर लावत बसावं लागतं. वेळ सांगायला डीएस३२३१ ही घड्याळाची चिप, बटणं आणि वायर बर्डीच्या बाजारातून. जुळणीबद्दल एवढं पुरे. पॅनलची ती पिवळसर चपटी रिबन मात्र जपा. तिला दुमडलेलं सहन होत नाही.

आता खरी अडचण. ४०० गुणिले ३०० म्हणजे १,२०,००० ठिपके. एका ठिपक्याला एक बिट धरला तरी (आठ बिटांचा एक बाइट) १५,००० बाइट. आणि अ‍ॅटमेगा३२८पी या प्रो मिनीच्या चिपमध्ये रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, किती? २,०४८ बाइट, म्हणजे दोन केबी. त्यातही स्टॅक, घड्याळाशी बोलणाऱ्या वायर लायब्ररीचे (तयार कोडचे) बफर, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या जागा, सिरियल पोर्टचे बफर असे सगळे आपापला हिस्सा आधीच घेऊन बसलेले.

ऑफिसातल्या मुलांनी एका सुरात सांगितलं, ‘मॅडम, ईएसपी३२ घ्या ना, ५२० केबी रॅम आहे.’ चूक काहीच नाही त्यात. पण महिन्याभराच्या दुधाचा हिशोब म्हणजे ३१ बाइट. त्यासाठी ५२० केबी आणायचे हे मला पटेना. शिवाय प्रो मिनीचा पॉवरचा एलईडी काढून टाकला आणि चिप झोपवली की तो इतकी कमी वीज खातो की सेलकडे लक्षच द्यावं लागत नाही.

लायब्ऱ्यांनी यावर एक रस्ता काढलेला आहे. जीएक्सईपीडी२ या ई-पेपरच्या लायब्ररीत पानापानाने चित्र काढता येतं: समजा ८०० बाइटचा बफर घेतला, तर त्यात १६ ओळी मावतात. मग तुमचं अख्खं चित्र काढायचं फंक्शन १९ वेळा चालतं, आणि दर वेळी त्या पट्टीत येणारा तुकडा तेवढा ठेवून बाकीचा फेकला जातो. चालतं, उत्तम चालतं. पहिली चाचणी मी त्यावरच घेतली. पण फ्लॅशची, म्हणजे चिपमधल्या कोड साठवायच्या मेमरीची, जागाही ती बरीच घेते, आणि मला ती जागा देवनागरीसाठी हवी होती. त्याबद्दल पुढे.

मी लक्षात घेतलं ते एवढंच, की पॅनलच्या कंट्रोलरला स्वतःची रॅम असते. चित्र साठवायची जबाबदारी त्याची. २४ ही हेक्स (सोळाच्या पायावर मोजलेली) कमांड द्यायची आणि मग बाइटमागून बाइट ढकलत राहायचं. टीव्हीसारखी घाईही नाही, कारण एसपीआयचं, म्हणजे बोर्ड आणि पॅनल ज्या तारांवर बोलतात त्यांचं, घड्याळ आपल्या हातात. पुढचा बाइट मोजायला आपण थांबलो तर कंट्रोलर निमूट वाट बघतो. सगळ्या पोळ्या आधी लाटून ठेवायच्या म्हटलं तर ओटा पुरत नाही. एक लाटली, तव्यावर टाकली, दुसरीला हात घातला, की पोळपाटाएवढी जागा बास. तसंच इथे. अख्खं चित्र माझ्या रॅममध्ये कधीच नसतं. एका वेळी एक ओळ, ५० बाइट.

म्हणजे प्रश्न असा उरतो की ‘ओळ क्रमांक अमुक, बाइट क्रमांक तमुक, तिथे काय आहे?’ याचं उत्तर हिशोबाने देता आलं पाहिजे. कॅलेंडरच्या बाबतीत ते फार सुंदर जमतं. सात वार, प्रत्येक रकाना ५६ ठिपके रुंद, म्हणजे बरोबर ७ बाइट. सात साती ४९, उरलेला एक बाइट शेवटच्या रेघेला. उभं गणित: वर महिन्याच्या नावाला ३६ ओळी, वारांना २४, मग सहा आठवडे गुणिले ३६ म्हणजे २१६, आणि खाली बेरजेला २४. झाले ३००. महिना सहा आठवड्यांत पसरतो तेव्हाही मावतो. प्रत्येक गोष्ट बाइटच्या सीमेवर बसवली की बिट सरकवायची भानगडच राहत नाही. या चिपमध्ये भागाकाराची सोय हार्डवेअरमध्ये नाही, म्हणून ‘ओळ भागिले ३६’ असं करण्याऐवजी एक साधा मोजणारा ठेवला. ३६ झाले की शून्यावर, आठवडा एकने पुढे.

चौकोनातल्या ७ बाइटची वाटणी: दोन बाइट तारखेला, दोन सकाळच्या दुधाला, एक मोकळा, दोन संध्याकाळच्या दुधाला. आणि इथे गाडी अडली. दुधाचा आकडा १६ ठिपक्यांत बसवायचा. ‘१’ बसतो. ‘०.२५’ कुठून बसणार? ‘दीड’ लिहू म्हटलं तर वेलांटीसकट तो त्या रुंदीत वाचवत नाही. कागदावर चौकोन आखून मी आकड्यांशी झटापट करत होते, तेव्हा सासूबाई मागून डोकावल्या.

‘दीडले असं कोन लिहिते व? एक मांडाचा न् त्याच्या बाजूले दोन उभ्या रेघा.’

त्यांच्या वडिलांचं हिंगणघाटला दुकान होतं. तिथल्या खतावणीत पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. सव्वा १।, दीड १॥, पावणेदोन १॥।. हे मी लहानपणी आजोबांच्या कागदांत पाहिलं होतं, पण डोक्यात आलं नव्हतं. आमचा रतीब पावाच्या पटीतच चालतो. दूधवाल्याचं मापही पावशेराच्या हिशोबातलंच.

आता बघा हे बिटमध्ये कसं बसतं. एक रेघ दोन ठिपके जाड, मध्ये एक ठिपका मोकळा. तीन रेघा म्हणजे २+१+२+१+२, बरोबर आठ. एक बाइट! ११०११०११. पाऊण झाला. अर्ध्याला ११०११०००, पावाला ११००००००. फॉन्ट नको, चित्र नको, तक्ता नको. डावीकडच्या बाइटमध्ये आकडा, उजवीकडच्यात रेघा, आणि तोच बाइट वीस ओळी पुन्हा पुन्हा पाठवायचा. दशांश चिन्ह घेऊन बसले असते तर चार अक्षरांची जागा लागली असती.

यात एक गमतीचा योगायोग. ई-पेपरच्या रॅममध्ये १ म्हणजे पांढरं आणि ० म्हणजे काळं, त्यामुळे पाठवताना बाइट उलटावा लागतो. ११०११०११ उलटला की ००१००१००, म्हणजे हेक्समध्ये २४. चित्र पाठवायच्या कमांडचा आकडाही तोच! म्हणजे पाऊण लिटर दूध आणि ‘आता चित्र घे’ हा हुकूम एसपीआयच्या तारेवर अगदी सारखे दिसतात. गोंधळ होत नाही तो डी-सी नावाच्या वेगळ्या पिनमुळे. ती खाली असली की कमांड, वर असली की माल.

हिशोब साठवायला चिपमध्ये ईईप्रॉम ही वीज गेली तरी न पुसणारी मेमरी आहे, १,०२४ बाइट. एका दिवसाला एक बाइट: खालचे चार बिट सकाळ, वरचे चार संध्याकाळ, मोजमाप पावात. महिन्याला ३१ घरं धरून वर्षाचे ३७२ बाइट. कोऱ्या ईईप्रॉमच्या प्रत्येक बाइटमध्ये सगळे बिट १ असतात, म्हणून १५ म्हणजे ‘अजून नोंद नाही’, ० म्हणजे खाडा. खाडा फुलीनेच दाखवते, कॅलेंडरवरच्या सवयीला धरून. एका बाइटला एक लाख वेळा लिहिता येतं असं डेटाशीट म्हणते. दिवसातून दोनदा लिहिणाऱ्याने त्याची काळजी करू नये.

बटणं तीन. ‘नेहमीचं’, ‘पाव वाढव’ आणि ‘खाडा’. सकाळ की संध्याकाळ हे घड्याळ ठरवतं.

आता देवनागरी. महिन्यांची नावं नीट दिसायला हवीत हा माझा हट्ट होता. छोट्या चिपवरच्या चित्रांच्या लायब्ऱ्या एकामागून एक अक्षर ठेवत जातात, बस. आपली लिपी तशी चालत नाही. ‘फेब्रुवारी’तला ‘ब्रु’ म्हणजे युनिकोडमध्ये ब, हलन्त, र आणि उकार असे चार तुकडे, आणि दिसतं मात्र एकच अक्षर. र्‍हस्व वेलांटी टाइप करतो अक्षरानंतर, काढायची अक्षराआधी. हे सगळं जुळवणारा कोड दोन केबीत बसवायचा विचारही करू नये. मी संगणकावर पायथनमध्ये, मुक्ता हा फॉन्ट घेऊन, बाराही महिन्यांची चित्रं काढली. १६० बाय ३२ चं एक, म्हणजे ६४० बाइट, बारांचे ७,६८०. वारांची सात, प्रत्येकी १६८. हे सगळं फ्लॅशमध्ये, आणि लागेल तो बाइट तिथूनच उचलायचा, रॅममध्ये आणायचाच नाही. फ्लॅश ३२ केबी आहे, कोड चढवून घेणारा बूटलोडर वजा जाता तीस-एक हाती येते. आकडे मात्र मी हाताने, चौकटीच्या वहीत काढले. आठ ठिपक्यांच्या रुंदीत १ आणि ९ वेगळे दिसणं हे मोठं दिव्य आहे. शेवटी १ ची शेपटी सरळ खाली सोडली आणि ९ चं पोट डावीकडे चांगलं फुगवलं, तेव्हा कुठे बिनचष्म्याची परीक्षा पास झाली.

स्क्रीन पूर्ण ताजा होताना दोन-तीन सेकंद काळा-पांढरा लपलपतो. पहिल्या दिवशी ऐकू आलं, ‘हे काहून फडफडून राह्यलं व? बिघडलं का?’ कणांना दोन्ही टोकांना आपटून आणल्याशिवाय जुन्या चित्राची सावली जात नाही, हे समजावण्यापेक्षा मी ते काम रात्री दोनला लावलं. दिवसा बटण दाबलं की अंशतः ताजं करायचं, त्यात लपलप नाही. त्यासाठी कंट्रोलरला जुनं आणि नवं अशी दोन्ही चित्रं हवी असतात, म्हणजे ज्याचा कोड बफरवर चालतो त्याला ३०,००० बाइट. माझ्याकडे चित्र हिशोबातूनच निघतं, त्यामुळे आधी जुना आकडा घालून एकदा सगळ्या ओळी पाठवते, मग नवा आकडा घालून पुन्हा. रॅम तेवढीच, ५० बाइट. आख्ख्या खटाटोपात मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

राहिला उन्हाळा. पॅनलच्या डेटाशीटमध्ये ० ते ५० अंश लिहिलंय. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा, आणि स्वयंपाकघरात कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या सुमारास काय असेल ते कूलरसमोर बसणाऱ्यांना कळणार नाही. कण किती वेळ ढकलायचे ते तापमानावर अवलंबून असतं. त्यासाठी कंट्रोलरमध्ये तापमानाचा सेन्सर आणि तापमानागणिक वेगळे तक्ते असतात. तरी भर दुपारी अंशतः ताजं केलं की जुन्या आकड्याची फिकट छाया राहते. म्हणून डबी गॅसपासून लांब, फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर लावली, आणि घड्याळाच्या चिपने ४६ च्या वर तापमान सांगितलं तर नोंद ईईप्रॉममध्ये घ्यायची पण स्क्रीन रात्रीपर्यंत तसाच ठेवायचा असं ठरवलं. नोंद झाली हे कळावं म्हणून बझर एकदा टिक करतो.

डीएस३२३१ तापमानही देतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि किती बारकाईने देतो? पाव अंशाच्या! मग काय, बेरजेच्या ओळीत उजवीकडे तेही टाकलं, त्याच रेघांनी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, ४३॥ दिसलं की सासूबाई शेजारणीला बोलावून दाखवतात. सेन्सरची अचूकता तीन अंश इकडेतिकडे आहे, त्यामुळे त्या दोन रेघांना शास्त्रीय अर्थ शून्य. दिसतात मात्र छान.

दूधवाल्याने पहिल्या महिन्याला स्क्रीनकडे जरा संशयाने पाहिलं, मग आपली डायरी काढून तारखा जुळवल्या. आता तो आधी स्क्रीन वाचतो आणि डायरीत फुल्या करतो. हे मला फारसं बरोबर वाटत नाही, पण त्याचं त्याच्याजवळ.

ईईप्रॉममध्ये अजून ६५२ बाइट मोकळे आहेत. सासूबाईंना त्यात इस्त्रीवाल्याचा हिशोब हवाय. कपडे पावात मोजता येत नाहीत, चौदाच्या वर गेले तर चार बिट पुरत नाहीत, आणि साडीचा दर वेगळा. बघते.