‘एरर्स : ०’ आणि मोडलेली जोडाक्षरं

वेबपानांमधले जावाचे टॅग बदलून देणाऱ्या एचटीएमएल कन्व्हर्टर नावाच्या प्रोग्रॅमचं काम चालू असताना एक छोटी खिडकी दिसायची. किती फाइली झाल्या, किती अ‍ॅप्लेट (पानात चालणारे छोटे जावा प्रोग्रॅम) सापडले आणि सगळ्यात खाली ‘एरर्स’. त्या एरर्सपुढं शून्य होतं आणि माझ्या पानांवर एक जोडाक्षर धड उरलं नव्हतं. त्या शून्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही. परवा परभणीकडच्या एका ओळखीच्या मास्तरांचा फोन आला, ‘सर, तुम्ही तवा ती अ‍ॅप्लेटची पानं कशी बदलली होती?’ म्हणून, आणि सगळं पुन्हा वर आलं. म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

साल २००७. मी अंबाजोगाईला एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. केज, धारूर, परळीकडची लेकरं दहावीपर्यंत मराठीत शिकून यायची आणि अकरावीला एकदम इंग्रजीत ‘ऑसिलेशन’ समोर. म्हणून मी नेटवरून फुकट मिळणारे अ‍ॅप्लेट गोळा केले होते. लंबक, लाटा, भिंगं, डॉप्लर. प्रत्येकाभोवती मराठीतून समजावून सांगितलेलं एक पान. शे-दोनशे पानं झाली होती. लॅबमधल्या सर्व्हरवर ठेवली होती आणि लेकरं खरंच बघायची.

अडचण मशीनची होती. अर्ध्या मशीनवर विंडोज ९८ आणि त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं जावा, म्हणजे असले प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर. जावा बनवणाऱ्या सन कंपनीनं मायक्रोसॉफ्टवर १९९७ मध्ये दावा लावला, २००१ च्या जानेवारीत २ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि त्या भांडणात ते जावा १.१ च्या पातळीवरच अडकून पडलं. स्विंग (बटणं-खिडक्यांसाठी जावात नंतर आलेलं साहित्य) वापरून लिहिलेले अ‍ॅप्लेट त्यावर चालायचेच नाहीत, नुसता करडा चौकोन. नव्या एक्सपी मशीनवर तर कुठलंच जावा नव्हतं. सनचं प्लगइन (ब्राउझरला जोडायचं जावा) सगळीकडं टाकलं तरी आमच्या जुन्या मशीनवरचा एक्सप्लोरर साधा अ‍ॅप्लेट टॅग (पानात तो प्रोग्रॅम बसवणारी खूण) दिसला की आपल्या जुन्याच जावाकडं धावायचा. त्याला हमखास सनच्याच प्लगइनकडं न्यायचं तर अ‍ॅप्लेट टॅग काढून तिथं ऑब्जेक्ट टॅग लावायचा, त्यात प्लगइनचा लांबलचक ओळखक्रमांक (क्लास आयडी) द्यायचा, आणि फायरफॉक्ससाठी आत एम्बेड टॅग ठेवायचा. एका पानाला हे हातानं जमतं. शे-दोनशे पानांना कोण करणार? त्यात नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी, कमिटी येणार होती आणि प्राचार्यांना लॅब ‘चालू’ दाखवायची होती.

यासाठीच सननं एचटीएमएल कन्व्हर्टर दिला होता. फोल्डर दाखवा, बटण दाबा, आतली सगळी पानं बदलून मिळतात. पहिली गोष्ट लक्षात ठेवा, तो जेआरईबरोबर (नुसतं जावा चालवायचं पॅकेज) यायचा नाही, जेडीकेबरोबर (जावात प्रोग्रॅम लिहायचं पॅकेज) यायचा, बिन फोल्डरमध्ये. आमच्याकडं त्या काळी लोडशेडिंग असं होतं की एवढी मोठी फाइल उतरवायची म्हणजे नेट आणि लाइट दोन्ही एका वेळी असायला पाहिजेत. शेवटी एका माजी विद्यार्थ्यानं पुण्याहून सीडीवर आणून दिली. मी जेडीके ५ वापरला, कारण विंडोज ९८ वर चालेल असं सगळ्यात नवं प्लगइन त्याच आवृत्तीचं होतं.

बाकी सगळं सरळ होतं. सबफोल्डर घ्यायचे असतील तर तशी खूण करायची. कोणत्या नावाच्या फाइली घ्यायच्या त्या चौकटीत एचटीएमएल, एचटीएम आणि एएसपी आधीच लिहिलेलं असतं. पीएचपीची पानं असतील तर ते आपण वाढवायचं. नेमकी हीच जावा आवृत्ती पाहिजे की त्या मालिकेतली कोणतीही चालेल, ते निवडायचं. बॅकअपसाठी मूळ फोल्डरच्या नावापुढं ‘बीएके’ लावलेलं वेगळं फोल्डर तो स्वतःच सुचवतो. ते तसंच राहू द्या. मूळ फोल्डर आणि बॅकअप एकच ठेवायचा विचारसुद्धा करू नका.

बटण दाबलं. फाइली सरसर पुढं गेल्या. एरर्स शून्य. पहिलं पान उघडलं, शीर्षक ‘लंबकाची लांबी’ व्यवस्थित. खाली ऑब्जेक्ट टॅगमधून लंबक मस्त डुलतोय. मी चहा सांगितला.

चहा येईस्तोवर खालचा मजकूर वाचला. ‘वेग’ ठीक. ‘काळ’ ठीक. ‘दोलन’ ठीक. ‘त्वरण’ मात्र फुटलेलं: त, मग चौकोनातलं प्रश्नचिन्ह, मग साधं प्रश्नचिन्ह, मग ‘वरण’. ‘घर्षण’ फुटलेलं. ‘गुरुत्व’ तर ओळखू येईना. ‘झोका’मधला झ गेलेला, ‘एकक’मधला ए गेलेला. आणि अधूनमधून अख्खी वाक्यं एकदम स्वच्छ. सगळंच बिघडलं असतं तर मी लगेच एनकोडिंगकडं (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) बघितलं असतं. हे अर्धवट बिघडणं होतं, त्यानंच सगळ्यांना चकवलं.

‘सगळ्यांना’ म्हणतोय कारण मी विचारायला कुणाला सोडलं नाही. लॅबचं मेंटेनन्स बघणारा पोरगा आला, स्क्रीनकडं बघितलं न बघितलं, ‘सर, फॉन्ट नाही तुमच्याकडं, मंगल टाकावं लागंल.’ मंगल होता. त्यानं तो काढून पुन्हा टाकला. गावातल्या एका कॉम्प्युटर सेंटरवाल्यांनी फोनवर सांगितलं, ‘विंडोज नवीन मारा.’ आमच्याच विभागातले एक सर म्हणाले, मराठी कशाला पाहिजे त्या पानावर, इंग्रजीच ठेवा, कमिटीला काय कळतंय. ह्या वाक्यानं माझी सटकली आणि मग ठरवलं की कारण सापडल्याशिवाय सोडायचं नाही.

एकाच पानाच्या दोन प्रती, बॅकअपमधली आणि बदललेली, हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) शेजारी शेजारी उघडल्या. यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर ३ बाइटचं. हलन्ताचे बाइट ई०, ए५, ८डी. बदललेल्या प्रतीत तिथं ई०, ए५, ३एफ होतं. ३एफ म्हणजे साधं प्रश्नचिन्ह. पहिल्या उकाराचे ई०, ए५, ८१. तिथंही शेवटी ३एफ. ‘ए’चा शेवटचा बाइट ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी, चंद्रबिंदूचा ८१. सगळ्यांच्या जागी ३एफ. बाकी एकाही अक्षराला धक्का नाही.

८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. हे पाच आकडे मला आजही तोंडपाठ आहेत. विंडोजच्या इंग्रजी कोडपेज १२५२ मध्ये (कुठल्या बाइटला कुठलं अक्षर याचा तक्ता) ह्या पाचच जागा रिकाम्या आहेत, तिथं कुठलंच अक्षर नाही. आमच्या मशीनवर जावा हेच कोडपेज धरून चालायचं. म्हणजे कन्व्हर्टर माझं मराठी पान इंग्रजी समजून वाचत होता. रिकाम्या जागेचा बाइट आला की जावा ‘हे काय कळलं नाही’ अशी खूण धरतं, आणि लिहिताना तिचं प्रश्नचिन्ह होतं. उरलेले बाइट चुकीची इंग्रजी अक्षरं म्हणून वाचले जायचे आणि जसेच्या तसे परत लिहिले जायचे, म्हणून ती अक्षरं वाचायची. मराठीचं नशीब बघा, त्या पाच जागांवर नेमकं हलन्त आणि पहिला उकार येऊन बसलेत. ‘लंबकाची लांबी’मध्ये यातलं काहीच नाही, म्हणून शीर्षक बघून मी फसलो.

आणि एरर्स शून्य! कन्व्हर्टरच्या बाजूनं ते खरंच होतं, अ‍ॅप्लेट सापडले तेवढे बदलले. लग्नात आहेर लिहून घेणारा पाकिटं मोजतो, आत नोट आहे की कागद ते बघणं त्याचं काम नसतं, तसा हा. पण निदान ‘काही अक्षरं वाचता आली नाहीत’ एवढी एक ओळ लॉगमध्ये टाकायला काय जात होतं?

उपाय तेवढ्या ताणानंतर फारच छोटा निघाला. जावाला आपणच सांगायचं की कुठलं एनकोडिंग धर. जावा टूल ऑप्शन्स नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतो, तिन्ही शब्द कॅपिटलमध्ये आणि मधे अंडरस्कोअर. कमांड प्रॉम्प्टवर सेट कमांडनं त्याला फाइल डॉट एनकोडिंगची किंमत द्यायची, पुढं उणे चिन्ह आणि मोठा डी लावून. मग त्याच काळ्या खिडकीतून कन्व्हर्टर सुरू करायचा. डेस्कटॉपच्या आयकॉनवरून सुरू केलात तर त्याला यातलं काही कळत नाही. बरोबर झालं असेल तर सुरुवातीलाच ‘पिक्ड अप’ अशी एक ओळ दिसते. ती दिसली नाही तर थांबा.

किंमत कोणती द्यायची, इथं कुणीही यूटीएफ-८ म्हणेल. माझ्याकडं ते चाललं नसतं. माझी जुनी पानं युनिकोडआधीची होती, योगेश फॉन्टमध्ये टाइप केलेली, त्यात एकेका बाइटला एकेक मराठी तुकडा. ती यूटीएफ-८ म्हणून वाचली की त्यांचा पार चुराडा. दोन्ही प्रकारची पानं एकाच फोल्डरमध्ये असतील तर आयएसओ ८८५९-१ द्या. ऐकायला उलटं वाटतं, मराठीसाठी पश्चिम युरोपचं एनकोडिंग. पण त्यात २५६ च्या २५६ बाइटना जागा आहे, एकही रिकामी नाही. जे आत गेलं तेच बाहेर येतं, कन्व्हर्टरला अर्थ कळायची गरज नाही. टॅग इंग्रजीत असतात, ते त्याला सापडतातच.

बॅकअपमधली पानं परत जागेवर आणली, पुन्हा बटण दाबलं. ह्या वेळी चहा नंतर सांगितला. आधी ‘गुरुत्व’ शोधलं, मग ‘झ’, मग ‘ए’. सगळे जागेवर. मेंटेनन्सच्या पोराला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो म्हणाला, ‘म्हणजे फॉन्टचाच होता ना प्रॉब्लेम?’ मी गप्प बसलो.

काही गोष्टी मधे राहिल्या. कन्व्हर्टर घालतो त्या ऑब्जेक्ट टॅगमध्ये सनच्या साइटचा पत्ता असतो, प्लगइन नसेल तर तिथून उतरवून घे म्हणून. लॅबला नेट नसेल तर एक्सप्लोरर तिथंच ताटकळतो. त्यावर टेम्प्लेट फाइलची (नव्या टॅगचा साचा) प्रत काढून त्यात आपल्या सर्व्हरचा पत्ता घालायचा आणि कन्व्हर्टरला ती प्रत द्यायची. आतल्या डॉलरच्या चिन्हांमध्ये बांधलेल्या शब्दांना हात लावू नका, मूळ पानातली माहिती तिथंच भरली जाते. ज्या पानांवर अ‍ॅप्लेटचा टॅग जावास्क्रिप्टनं तुकडे जोडून लिहिलेला असतो, ती हातानंच करावी लागतात. आणि अ‍ॅप्लेटवर ‘क्लिक करून सुरू करा’ असं यायचं त्याचा कन्व्हर्टरशी संबंध नव्हता. इओलास नावाच्या कंपनीशी पेटंटचं भांडण झालं म्हणून मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये एक्सप्लोररमध्ये ते घातलं होतं, २००८ मध्ये काढलं. तोवर लेकरांना रोज तेच सांगावं लागायचं.

नॅकची कमिटी आली, त्यांनी लंबक बघितला, पुढं गेली.

आता त्या ऑब्जेक्ट टॅगचाही उपयोग उरला नाही. क्रोमनं असली प्लगइन २०१५ मध्ये बंद केली, फायरफॉक्सनं २०१७ मध्ये, जेडीके ११ मधून तर प्लगइनच काढून टाकलं. आज चीर्पजेसारख्या गोष्टींवर जुने अ‍ॅप्लेट ब्राउझरमध्येच चालवता येतात, पण त्याला परत साधा अ‍ॅप्लेट टॅग दिला की सोपं पडतं, आणि पान सर्व्हरवरून उघडावं लागतं, फाइलवर डबल क्लिक करून नाही. इथं मात्र कन्व्हर्टरचे आभार मानायला पाहिजेत. बदललेल्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तो मूळ अ‍ॅप्लेट टॅग कॉमेंटमध्ये तसाच ठेवून देतो, आणि तुकडा कुठं सुरू होतो, कुठं संपतो त्याच्याही खुणा ठेवतो. छोटी स्क्रिप्ट लिहून त्या दोन खुणांमधलं सगळं काढायचं आणि कॉमेंटमधला टॅग बाहेर आणायचा.

मास्तरांनी त्यांची पानं पाठवली. टॅग असे निघाले. पण ती कुणीतरी साध्या पद्धतीनं बदललेली आहेत, मराठी तसंच फुटलंय, आणि त्यांच्याकडं बॅकअपचं फोल्डर नाही. त्यांना हे सांगितलं: हेक्स एडिटरमध्ये ई०, ए५, ३एफ शोधा. धड पानात ही जोडी येऊच शकत नाही, त्यामुळं खरी प्रश्नचिन्हं बिघडायची भीती नाही. ते बहुतेक हलन्त असेल नाहीतर पहिला उकार. मराठीत उकारापेक्षा जोडाक्षरं जास्त, म्हणून आधी सगळीकडं ८डी घाला. ई०, ए४, ३एफ निघालं तर तिथं ए, ऐ, ऍ, झ किंवा चंद्रबिंदू आहे, ते शब्द बघून हातानंच घालावं लागेल. मग ‘गुरुत्व’चं ‘ग्र्त्व’ झालेलं असतं, तसले शब्द शोधत बसायचं. स्पेलचेक लावला तर त्यातले बरेच तो लाल करून दाखवतो.