हिमालयनचा नवा सायलेन्सर आणि स्विंगआर्मचा गॅप : माझा अनुभव

राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितोय.

माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटरसायकल आहे, २०१८ ची. जुना सायलेन्सर दगडावर आपटून चेपला होता, आतून गंजाचा खुळखुळ आवाज यायचा, म्हणून स्टेनलेसचा स्लिप-ऑन (जुन्या पाइपवर सरकवून बसवायचा सायलेन्सर) घेतला, डीबी किलरवाला, म्हणजे आत आवाज कमी करणारा तुकडा असलेला. (१७५ सीसीच्या वर ८० डेसिबलची मर्यादा आहे, डीबी किलर काढायचा विचारसुद्धा करू नका, आपल्याच गल्लीत म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं असतात.) गॅरेजमध्ये पाऊण तासात बसवून झाला. गाडी मेन स्टँडवर होती, मेकॅनिकनं पाइप आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) यांच्या मधे दोन बोटं घालून दाखवली, "बसला साहेब, काय टेन्शन नाही." मी पण पैसे देऊन निघालो.

रविवारी बायकोला मागं बसवून कोल्हापूरहून गगनबावड्याला चाललो होतो, कळे सोडलं आणि एका खड्ड्यात टक्कन् आवाज आला, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. पुढच्या खड्ड्यात परत. थांबून खाली वाकून बघितलं तर स्विंगआर्मचा काळा रंग नखाएवढा उडालेला आणि बरोबर त्याच्या वर पाइपवर चकचकीत ओरखडा. मागच्या ब्रेकचा होजपण तिथूनच जातो, तो वाचला हे नशीब.

गॅरेजवाल्याकडं परत गेलो तर म्हणे "रनिंग झालं की सेट होतंय." सेट कसं होईल? मेन स्टँडवर मागचं चाक लोंबकळत असतं, सस्पेन्शन पूर्ण उघडलेलं, म्हणजे गॅप जास्तीत जास्त तेव्हाच दिसतो. या गाडीच्या मागच्या चाकाला १८० मिमी ट्रॅव्हल आहे (म्हणजे चाक तेवढं वर-खाली होतं), दोघं बसले की स्विंगआर्म वर येतो आणि खड्ड्यात आणखी वर. हे मी समजावून सांगतोय तोवर त्यानं पहार घालून पाइप बाहेर ढकलला आणि तसाच ताणात बोल्ट आवळला! असं कधीच करू देऊ नका. स्टेनलेसचा मीटरभर पाइप ३०० डिग्रीनं तापला की साधारण ५ मिमी लांबतो, त्यात आधीच ताण असेल तर ब्रॅकेटचं वेल्डिंग तडकतं. गाडी घेऊन घरी आलो.

सस्पेन्शन पूर्ण दाबल्यावर गॅप किती उरतो ते बघायला घरी मेव्हण्याला बोलावलं. कणकेचा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्विंगआर्मवर चिकटवला (इंजिन गार असताना, नाहीतर पिशवी वितळते), गाडी स्टँडवरून उतरवली, सामान बांधायचा रॅचेट पट्टा चाकाखालून सीटच्या फ्रेमवर घेऊन आवळत गेलो आणि वर आम्ही दोघं बसलो. सोडून बघितलं तर कणीक कागदासारखी पातळ झालेली, मधे भोक. म्हणजे पाइप बाहेर घ्यायलाच पाहिजे, माउंटिंगला १२ मिमीचा बुश (बोल्टवर बसणारी लोखंडी नळी) लागणार. त्याहून बाहेर घेतला तर साइड बॅग भाजणार.

आता तो बुश. शिवाजी उद्यमनगरात अख्ख्या पंपाचे पार्ट बनतात, पण माझ्या एका तुकड्यासाठी लेथ लावायला कुणी तयार नाही. एकानं घेतला, "शनिवारी या." शनिवारी गेलो, झालं नव्हतं. दुसऱ्या शनिवारी मिळाला तर भोक १० मिमीचं पाडलेलं, माझा बोल्ट ८ चा, खुळखुळतोय. वहीच्या कागदावर मी ८.५ लिहून दिलं होतं, तो कागद तिथंच ऑइलमध्ये भिजून पडलेला. तिसऱ्या शनिवारी मी सकाळी नऊला जाऊन स्टुलावर बसलो आणि समोर उभं राहून करून घेतला, वीस मिनिटांचं काम! वीस मिनिटांसाठी तीन आठवडे.

बुश टाकला की बोल्टपण तेवढाच लांब घ्या, ८.८ ग्रेडचा (म्हणजे मजबूत पोलादाचा), नाहीतर नट दोन-तीन आट्यांवरच लटकतो. आणि पाइपजवळ नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) नको, आतलं नायलॉन उष्णतेनं जातं, पूर्ण लोखंडी लॉकनट मिळतो तो लावा. बसवताना सगळे बोल्ट आधी ढिलेच ठेवा, पाइप हातानं आपल्या जागी बसतोय का बघा, मग इंजिनकडून मागं आवळत या. हो, आणि पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी थिनरच्या फडक्यानं पाइप पुसा, माझ्या बोटांचे तेलकट ठसे राहिले ते भाजून कायमचे उमटलेत.

परत कणीक लावून पट्टा आवळला. पूर्ण दाबल्यावर ११ मिमी जाड राहिली, व्हर्निअरनं मोजली. मग बायकोला घेऊन गगनबावडा, खाली करूळ घाट उतरून वैभववाडीपर्यंत जाऊन आलो, एकदाही आवाज नाही. घरी आल्यावर गाडी गार होऊ दिली आणि सायलेन्सर पाइपवर आवळणारा क्लॅम्प बघितला, पाव आटा ढिला झाला होता, तो आवळला.