पारंबी टेकली तेव्हा मी नव्हते

गुरुवार, रात्र. भुरभुर सुरूच आहे, अजिंक्यतारा सकाळपासून ढगात.

"काकू, तुम्ही नव्हतात ना, तर झाडं काय मस्त वाढली!"

सोहम सकाळी किल्ली द्यायला आला तेव्हा म्हणाला. मनापासून म्हणाला, चेहरा कसा फुलला होता त्याचा. मी म्हटलं, "हो रे, छान सांभाळलीस," हातात चिवड्याचं पाकीट दिलं, दार लावलं आणि तिथेच चपलांपाशी उभी राहिले.

दिवसभर तेच डोक्यात. तुम्ही नव्हतात, तर.

पाच आठवडे नव्हते मी. ताईचं आज लिहायचं नाही. "आता माझं मी बघते, तू घरी जा," असं तीच म्हणाली आणि मी निघाले, एवढंच.

जाताना सोहमला माझ्या बोन्साय झाडांची चार पानी चिठ्ठी लिहून दिली होती. प्रत्येक कुंडीला नंबर, चिठ्ठीत त्या नंबरापुढे सूचना. जेड आणि अडेनियम पावसात नाही, पत्र्याखाली. मातीत एक पेरभर बोट घालून बघायचं, ओल लागली तर पाणी नाही. डाळिंबाच्या कुंडीची भोकं बुजतात, खालून काडी घालून मोकळी करायची. उंबराच्या पानामागे कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण, ओल्या बोळ्यानं पुसून काढायचा. पोरानं सगळं केलं. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गच्चीतल्या नळाला टांगली होती. आज ती काढून बघितली, तर ओळीओळीपुढे पेनानं केलेल्या बारीक खुणा. डाळिंबापुढे पाच. पाच आठवडे, पाच वेळा काडी.

एकही झाड गेलं नाही. याचा आनंद व्हायला हवा. झालाही. पण आधी ते दुसरं झालं, आणि ते काय आहे हेच मला धड कळत नाहीये.

वड ओळखू येत नव्हता. पावसाळ्यात दर आठवड्याला मी त्याचे शेंडे खुडते, पाच-सहा पानं आली की दोनच ठेवायची. आता दोन फांद्या हातभर बाहेर गेल्या होत्या. मार्चमध्ये सगळी पानं उतरवून जी नवी पालवी तीन इंचांवर आणली होती, तिच्या वर तळहाताएवढी पानं आली होती. आकार मोडला होता, पण झाड काय तजेलदार दिसत होतं! वही काढली. मेअखेरचा खोडाचा घेर २१ सेंटिमीटर. आज मोजला, साडेएकवीस. खोड भरायला हवं असेल तर खुडू नका, एखादी फांदी मोकाट सोडा, नंतर कापता येते, हे नव्यानं बोन्साय करणाऱ्या बायकांना मीच तर सांगते. म्हणजे सोहम बोलला त्यात चूक काहीच नाही. मी नव्हते म्हणून खुडलं गेलं नाही, खुडलं गेलं नाही म्हणून खोड भरलं. सरळ हिशेब आहे.

मग डोळ्यांत पाणी का आलं?

त्या पारंबीमुळे आलं, दुसरं काही नाही. मंगळवार पेठेतला तो वाडा पाडत होते तेव्हा भिंतीतून काढलेलं हे रोप, मुळांना चुना चिकटलेला. अकरा वर्षं झाली. गेले चार पावसाळे मी त्याच्या पारंबीसाठी धडपडतेय. दमट हवेत फांदीखाली दोऱ्यासारखी तांबूस मुळी सुटते, टोक पिवळसर, ओलं. मी स्ट्रॉ उभी चिरून तिच्याभोवती बसवायची, आत ओलं मॉस भरायचं, सकाळ-संध्याकाळ फवारा. आणि दर वर्षी पाऊस सरला की टोक काळं पडून वाळायचं. एकदा तर माझाच पदर अडकून तुटली. दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

या वर्षी जिथून मी कधी अपेक्षाच केली नव्हती त्या मागच्या फांदीवरून एक सुटली आहे. स्ट्रॉ नाही, मॉस नाही. मोकाट वाढलेल्या पानांच्या आडोशाला सरळ खाली आली आणि कुंडीच्या कडेच्या शेवाळात शिरली. मी बोटानं हलकेच हलवून बघितली. धरलंय तिनं. मातीत रुजली की पारंबी आखडते, ताठ होते, मग जाड व्हायला लागते. ही थोडी ताणलेली वाटते आहे. म्हणजे टेकून आठ-दहा दिवस तरी झाले असतील. त्या दिवशी मी काय करत होते? ताईच्या गोळ्या लावत असेन, नाहीतर तिच्याशी वाद घालत असेन. सोहमला विचारलं तर त्याला पारंबी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. "तो दोरा होय? दिसला होता मला."

दोरा.

चार वर्षं जिची वाट बघितली ती आली, आणि तिथे कुणीच नव्हतं. सकाळभर मला स्वतःची कीव येत राहिली.

दुपारी पानं बाजूला करून आतल्या फांद्या बघितल्या आणि तार दिसली. डावीकडच्या फांदीला वळण द्यायला मार्चमध्ये मीच बांधलेली ॲल्युमिनियमची, अडीच मिलिमीटरची. मेअखेर बघितली होती तेव्हा नखाची कड आत जाईल इतकी सैल होती. पावसात फांदी जाडली आणि तार सालीत रुतून बसली, वर दोन्हीकडून साल फुगलेली. चार पानी चिठ्ठीत तारेबद्दल एक ओळ नाही. डाळिंबाच्या भोकाचं लिहिलं, नळाचा कॉक डावीकडे फिरतो हेसुद्धा लिहिलं, आणि हे राहिलं. या पाच आठवड्यांत झाडाला जी एक इजा झाली ती माझ्या हातची. याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

रुतलेली तार उलगडायची नसते, साल सोलून येते. कटरनं एकेक वेढा तोडत गेले. प्रत्येक वेढ्यामागे पांढरा चीक आला, थेंबभर, मग सुकला. फांदीवर आता जिन्यासारखी फिरती खोबण आहे. भरून यायला दोन-तीन पावसाळे लागतील.

आणि तेव्हाच खाली खोडाभोवतीचं सूत दिसलं. खालच्या वहिनींचं. बाजारातल्या तोडलेल्या फांद्या त्यांना पुजवत नाहीत, म्हणून वटपौर्णिमेला दर वर्षी माझाच वड पुजतात. या खेपेला सोहमनं कुंडी गच्चीच्या मधोमध स्टुलावर ठेवून दिली म्हणे, आणि वहिनींनी स्टुलाभोवती सात फेरे घातले. सूत भिजून, वाळून, परत भिजून करडं झालंय, हळदीचा डाग तेवढा उरलाय. सैल आहे. सालीवर वळही नाही.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयातला तो पाइन मला आज सारखा आठवतोय. १६२५ पासून जोपासलेला. हिरोशिमात यामाकी नावाच्या बोन्साय करणाऱ्यांच्या घरी होता, ६ ऑगस्ट १९४५ ला भिंतीआड होता म्हणून वाचला. १९७६ साली त्यांनी तो अमेरिकेला दिला. पण तो त्या बाँबमधून वाचलेला आहे हे तिथल्या लोकांना कळलं ते २००१ मध्ये, यामाकींचे नातू बघायला आले तेव्हा. पूर्वी हे वाचलं तेव्हा चुटपुट लागली होती, की एवढं मोठं झाड आणि पाणी घालणाऱ्यांना काही ठाऊक नाही. आज वाटलं, ठाऊक नव्हतं तरी पंचवीस वर्षं त्यांनी ते नीट जगवलं की. सोहमला तो दोरा दिसला होता आणि त्यानं तो तोडला नाही. कचरा समजून ओढून टाकणारे मी पाहिलेत.

संध्याकाळी त्या दोन लांब फांद्या कापायला घेतल्या. एक कापली. पारंबीवर सावली धरणारी तशीच ठेवली, पाऊस संपेपर्यंत राहू दे. सूतही काढलं नाही. सोहमला शनिवारी वर बोलावलंय, कटर कसा धरायचा आणि तार कुठे रुतते ते दाखवायला. लगेच "येतो" म्हणाला.

आत्ता ताईचा फोन येऊन गेला. "अगं, आज जिना चढले. काठी न घेता. कुणाला हाकसुद्धा मारली नाही."

मी म्हटलं, "ताई, पारंबी टेकली."