तीनपैकी दोन

एअरबस ए३२० विमानाची बाहेरून धुलाई आटोपली होती आणि पहाटेच्या फेरीसाठी विमान मोकळं करायचं होतं. सही करण्याआधी, धुताना सेन्सरवर घालतात ती कव्हरं मोजली. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांची तिन्ही सापडली. अँगल ऑफ अटॅक सेन्सरचं, म्हणजे समोरून येणारी हवा विमानाला किती कोनात भिडते ते बाहेरच्या छोट्या पात्याने मोजणाऱ्या सेन्सरचं, मात्र एकच, तेही तीन नंबरचं. एक आणि दोन नंबरवर प्रेशरचं पाणी सरळ बसलं होतं.

हीटरचे सर्किट ब्रेकर ओढून टॅग लावले आणि दोन्ही पाती बोटाने फिरवून पाहिली. मोकळी होती. इनचार्ज म्हणाले, "फिरतायत ना? सोडा मग. एखादा गेला तरी तीन आहेत."

जमिनीवर पातं फिरलं म्हणजे आत कोरडं आहे असं होत नाही. हीटर पातं गरम ठेवतो, पण सेन्सरच्या पोटात शिरलेलं पाणी वर उणे ४५-५० अंशांत गोठू शकतं. मग पातं अडकतं आणि एकच कोन दाखवत राहतं.

२७ नोव्हेंबर २००८ला फ्रान्समध्ये पर्पिन्यांजवळ हेच घडलं. रंगकामानंतर एक ए३२० धुताना सेन्सर झाकले नव्हते. तीन दिवसांनी चाचणी उड्डाणात एक आणि दोन नंबर जवळपास सारख्याच कोनावर गोठले. कॉम्प्युटरने तिघांची तुलना केली, दोघांचं जुळलं, आणि बरोबर असलेला तिसराच बाद झाला. वैमानिकांनी कमी उंचीवर वेग उतरवून स्टॉलपासूनचं, म्हणजे कोन फार वाढून पंखांची उचल सुटण्यापासूनचं, संरक्षण तपासलं. ते जागं झालंच नाही. मागचं स्टॅबिलायझर नाक वर ठेवणाऱ्या टोकाशी राहिलं, कंट्रोल डायरेक्ट लॉमध्ये गेले, म्हणजे कॉम्प्युटरची आपोआप मदत सुटली आणि ट्रिम, म्हणजे त्या स्टॅबिलायझरचा कोन, हाताने फिरवणं भाग होतं. तसं झालं नाही. सातही जण गेले.

ए३२०मध्ये कंट्रोल चालवणारे दोन प्रकारचे कॉम्प्युटर असतात: दोन इलॅक, तीन सेक. इलॅकमध्ये मोटोरोलाचा प्रोसेसर, सेकमध्ये इंटेलचा, आणि सॉफ्टवेअरही वेगळं. शिवाय प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आज्ञा देणारा एक भाग आणि त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा. कंट्रोल हलवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणाही हिरवी, निळी, पिवळी अशा तीन. एकच चूक सगळीकडे एकदम होऊ नये म्हणून एवढा खटाटोप केलेला असतो. पाण्याची नळी मात्र तिन्ही सेन्सरवरून एकच फिरते! आकडा तीन असला तरी कारण एक असेल तर बहुमत चुकीच्या बाजूला जातं, आणि आमच्याकडे भिजलेले दोघे नेमके तेच होते.

टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दुरुस्तीच्या नोंदवहीत, दोन्ही सेन्सर नोंदवले. स्टोअरमध्ये सेन्सर एकच शिल्लक होता. दुसरा दुसऱ्या स्टेशनवरून येईपर्यंत विमान उभं राहिलं, फेरीला दुसरं विमान लावलं. इनचार्जांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण अडवलं नाही त्यांनी.

पहिला सेन्सर मी बसवला. दुसऱ्यासाठी मुद्दाम सकाळच्या शिफ्टचा इंजिनियर घेतला. कनेक्टर नीट न बसणं, गॅस्केट दुमडणं अशी चूक माझ्या हातून झाली असती, तर तीच दोन्हीकडे व्हायला नको. मग पाती फिरवून तिन्ही कोन कॉकपिटमध्ये वाचून घेतले आणि आपापल्या कामापुढे दोघांनी वेगवेगळ्या सह्या केल्या.